चौदा मिनिटं पुढे

यंत्राच्या छोट्या पडद्यावर अकरा बत्तीस वाजले होते. तिच्या मोबाइलवर अकरा अठरा.

तिने मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. अकरा एकोणीस. यंत्रावर अकरा तेहतीस. हॉस्पिटलच्या तळघरातली ही खोली एसीने गारठलेली होती.

काम तसं डाव्या हाताचं होतं. नवं नेटवर्क आलं म्हणून टेपवर बॅकअप घेणाऱ्या या यंत्राला नवा पत्ता द्यायचा आणि त्याची वेळ मुख्य सर्व्हरला जोडायची, एवढंच. बारा वाजता चौकशी समिती यायच्या आत. पत्ता तिने दिला, तो लागलाही. मग वेळेचं पान उघडलं आणि आठ महिन्यांपूर्वीची तिचीच करणी समोर आली. ‘वेळ : हाताने भरलेली.’

त्या दिवशी सर्व्हर सापडत नव्हता आणि पाळणाघरातून फोन आला होता, बाळ तापाने फणफणलंय, लगेच या. तिने मनगटावरचं घड्याळ बघून वेळ टाकली, उद्या नीट करू म्हणाली आणि पळाली. तो उद्या काही उजाडला नाही. यंत्राचं घड्याळ आपल्या मनाने चालत राहिलं, रोज तीन-चार सेकंद पुढे.

‘वेळ चौदा मिनिटांनी मागे जाईल. बदल करायचा?’ पडदा विचारत होता.

तिला बोटांवर मोजावं लागलं नाही. गेल्या सोमवारच्या वेळा सगळ्या हॉस्पिटलला पाठ होत्या. सात नंबरच्या खाटेवरची बाळंतीण चार वीसला गेली. सिस्टरचं म्हणणं, रक्त थांबेना म्हणून मी चार दहाला डॉक्टरांना फोन केला आणि लगेच नोंद केली. डॉक्टर म्हणत होते, फोन आलाच नाही, आणि वॉर्डातल्या इंटरकॉमवर कॉलची नोंद राहत नाही. वॉर्डातला कॉम्प्युटर त्याच आठवड्यात जळाला. उरली फक्त टेप. वॉर्डात नोंद झाली की त्याच मिनिटाला ती टेपवर उतरते आणि यंत्र तिच्यावर आपल्या घड्याळातल्या वेळेचा शिक्का मारतं. टेपवर वेळ होती चार चोवीस. म्हणजे बाई गेल्यावर सिस्टरने मागाहून लिहिलं, अंगावर येईल म्हणून. असं सगळे धरून चालले होते. आत्तापर्यंत तीही.

“झालं का?” साहेबांनी दारातून डोकं आत घातलं. “की मशीनला अंगाई म्हणताय?”

“होतंय, सर.”

“आणि रजिस्टर भरा. समितीवाले तेच आधी मागतात. अहो, तुम्हाला कायम करायची फाइल आज वर पाठवतोय. पार्टी हवी हं!”

साहेब गेले. रजिस्टरात प्रत्येक बदलासाठी दोन रकाने होते, आधी काय होतं आणि नंतर काय केलं. नेटवर्कच्या ओळीत तिने जुना पत्ता आणि नवा पत्ता वळणदार अक्षरात लिहिला. वेळेच्या ओळीत पेन अडलं. ‘आधी’खाली यंत्रावरची वेळ जशीच्या तशी लिहिली की सिस्टर सुटणार होती. मग पुढचा प्रश्न येणारच होता, हाताने वेळ भरली कुणी? बाई जिवानिशी गेली होती. कुणाला तरी धरल्याशिवाय हे मिटणार नव्हतं, आणि कंत्राटावरच्या मुलीइतकं सोयीचं दुसरं कोण होतं?

पाळणाघर सहाला बंद होतं, हे तिला उगाचच आठवलं.

तिने ‘हो’ दाबलं. पडदा लुकलुकला. अकरा चोवीस. मोबाइलवरही अकरा चोवीस. तिने ‘आधी’खाली लिहिलं अकरा चोवीस. ‘नंतर’खाली लिहिलं अकरा चोवीस. आणि सही केली.

“येऊ का गं आत?”

दारात सिस्टर उभी होती. अंगावर गणवेश नव्हता, निलंबनात तो घालता येत नाही. घरच्या कपड्यांत ती एकदम कुणाची तरी मावशी वाटत होती.

“पिलू चालायला लागलं का तुझं?”

“धरून धरून चालतं.”

“मोजे नको घालूस मग. घसरतं फरशीवर.” सिस्टर पर्समध्ये काहीतरी चाचपडत होती. “तुझं काम अडवत नाही. डोक्यात एक किडा वळवळतोय बघ. माणूस चुकतो, तसं मशीनचंही घड्याळ चुकत असेल ना? माझं हे मी रोज सकाळी रेडिओवर लावते. एकदा ताडून बघू दे. तेवढाच आधार.”

ती बाजूला झाली. त्यापलीकडे काही करणं तिला जमलं नाही.

सिस्टरने चष्मा कपाळावर सरकवला आणि आपलं घड्याळ पडद्याला टेकवून धरलं. सेकंदकाट्याची एक अख्खी फेरी ती बघत राहिली. दोन्हीकडे अकरा एकोणतीस. मग दोन्हीकडे एकदमच अकरा तीस.

“जुळतंय की,” सिस्टर म्हणाली.

“सिस्टर...”

“तुझा काय दोष त्यात? तू कशाला रडवेली होतेस?” सिस्टरने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग पर्सची चेन लावायला घेतली, ती अर्ध्यात अडकली. “म्हणजे मी आधी फोन केलाच नाही बघ. तिचा हात धरून बसले असणार. मला आपलं वाटतंय केला म्हणून. कानात रिंगसुद्धा ऐकू येते अजून. पण वाटण्याला काय अर्थ आहे?”

सिस्टर दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून थांबली.

“माझ्याच हातून गेली पोर,” ती म्हणाली. “बारा वाजता तसंच सांगते त्यांना. निदान खोटं तरी बोलायला नको.”