ताटाबाहेरचा घास

इराने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि ताटाची कड लाल झाली.

"आजचं जेवण संपलं. उद्दिष्ट, महिन्यात आठ किलो कमी," असं सांगून ताटाने झाकण ओढून घेतलं.

मांडीवरचं दोन महिन्यांचं बाळ दूध पुरेना म्हणून रडत होतं.

"वन्संच्या लग्नात शालू नेसायचाय, आई. आकडा मीच घातलाय," इरा सासूला म्हणाली.

"नऊ महिन्यांत चढलेलं महिन्यात उतरवणार? मला वर्ष लागलं होतं," सायलीताई म्हणाल्या. "थोडं थोडं कमी कर, पण बाळाचं धरून. या ताटाला बाळ माहीतच नाही. ते तुला एकटीलाच मोजतंय."

त्यांनी आपल्या ताटातला डिंकाचा लाडू फोडला आणि सुनेला भरवला. ताट फक्त उचललेलं मोजायचं. घास कोणाच्या तोंडात गेला ते त्याला कळत नसे.

"सायलीताई, तुमची मर्यादा ओलांडली. उद्या झाकण उघडणार नाही," त्यांचं ताट म्हणालं.

"नको उघडूस. उपास मला नवे नाहीत."

इरा रडवेली झाली. "आई, तुम्ही उपाशी राहणार? मी आकडा बदलते."

"बदल. सावकाश उतरू दे," म्हणत सायलीताईंनी हातातल्या लाडवाचा दुसरा घास पुढे केला. "आधी तोंड उघड."