बोटभर दिलगिरी
गटारात मेथी धुणारी म्हणून बायडाबाईचा फोटो पेपरात पहिल्याच पानावर झळकला आणि गोदाकाठच्या बाजारात तिच्या पाटीकडे कुणी फिरकेना. गटारात मेथी धुणारी बाई निराळीच होती, हे पेपरने महिन्याभराने कबूल केलं, पण आतल्या पानात, ‘हरवले आहे’च्या चौकटीखाली दडवून. बायडाबाईने सर्कशीची जाहिरात करणारी भोंग्याची रिक्षा ठरवली, पेपरच्या कचेरीसमोर उभी केली आणि ती बोटभर दिलगिरी अक्षरं लावत माइकवर वाचू लागली. संपली की पुन्हा पहिल्यापासून. चौक तुंबला. संपादक धावत खाली आले. “मावशी, बंद करा! आमची बदनामी होतेय.” “तुमचंच छापलेलं वाचते, सायेब. माझा एक शब्द नाय त्यात.” “पण असं भर चौकात?” “मला कुठं उभं केलं व्हतं तुमी?” “उद्या पहिल्या पानावर छापतो!” “छापा. तवर मी वाचते. दादा, भोंग्याचा आवाज वाढव!”