गिरणी थांबेपर्यंत

त्या दिवशी खालची पिठाची गिरणी वेळेआधी सुरू झाली.

एरवी दुपारी बंद असलेली गिरणी चारला उघडायची, आणि हंसाबाई पावणेचारलाच मॅट गुंडाळून जिना उतरायच्या. भाईंदर पूर्वेला, गिरणीच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत रुचिता पिलाटेसचा, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवून करायच्या व्यायामाचा क्लास घ्यायची. पाठ धरली म्हणून लेकीने, क्षितिजाने, हंसाबाईंचं नाव तिथे घातलं होतं. श्वास आपला आपण चालतो, त्याचा कसला आलाय क्लास, असं हंसाबाईंचं रोखठोक मत होतं. तरी दोन महिन्यांत त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. पाठदुखी माणसाला कुठेही नेते.

पण दिवाळी तोंडावर आली होती. भाजणीच्या डब्यांची रांग बघून गिरणीवाल्या नाथाने साडेतीनलाच बटण दाबलं. फरशी थरथरली, आणि उताण्या झोपलेल्या हंसाबाई होत्या तशाच थिजल्या. गुडघे वर, हात अंगालगत, डोळे छताला.

“काकू, श्वास सोडा,” रुचिता म्हणाली. गिरणीमुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं. “सोडताय ना?”



रुचिता त्यांच्याजवळ येऊन बसली. बाकीच्या दोघी आपापल्या मॅटवर डोळे मिटून पडल्या होत्या. “तुम्ही रोज इथेच अडकता काकू. श्वास घेता आणि होल्ड करता. मग पाठ रिलॅक्स कशी होणार?”

“धरत नाही गं,” हंसाबाई म्हणाल्या. “ऐकते.”

“काय ऐकता?”

“ह्यांचा श्वास.”

पंढरीनाथकाका मागच्या श्रावणात गेले, हे क्षितिजाने रुचिताला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

“आठ महिने अंथरुणावर होते. स्वयंपाकघरातून कान द्यायचा तर आधी आपला श्वास थांबवावा लागतो. नाहीतर दुसऱ्याचा ऐकू येत नाही.” हंसाबाई छताकडे बघतच सांगत होत्या. “त्या दिवशी मिक्सर लावला. ह्यांचीच पेज बारीक करत होते. घशाखाली उतरत नव्हती ना. मिनिटभर लावला असेल. बंद केला, आणि घरात काहीच ऐकू येईना.”

खाली नाथा कोणाला तरी हिंदीत रांगेत उभं राहायला सांगत होता.

“मी जाते,” हंसाबाई उठून बसल्या. “गिरणी बंद व्हायच्या आत मला जाऊ दे. तो आवाज थांबतो ना, ते मला सहन होत नाही.”

रुचिताने अडवलं नाही. फक्त त्यांचाच उजवा हात उचलून त्यांच्या बरगड्यांवर ठेवला. “जा काकू. पण एकदा इथे बघा. कानांनी नाही, हाताने.”

हंसाबाईंना रागच आला. कालची पोर, आणि साठीच्या बाईला श्वास दाखवते. पण हात त्यांनी काढला नाही. आधी काही कळेना. गिरणीची थरथर कुठली आणि अंगाची कुठली, सगळं एकच लागत होतं. मग तळव्याखाली बरगडी जराशी वर आली, बाजूला सरकली, पुन्हा खाली बसली. कानठळ्या बसत होत्या, तरीही कळत होतं.

“हे असं कळतं होय,” त्या म्हणाल्या. आठ महिने कान देऊन काढले, पण एकदा जवळ बसून छातीवर हात ठेवायचं काही सुचलं नाही. त्यांना हुंदका फुटला. तोही हाताला कळला.

तेवढ्यात कोणाचं तरी दळण संपलं. गिरणी घरघरत मंदावली आणि थांबली.

तीच शांतता. हंसाबाईंनी सवयीने श्वास रोखला आणि कान दिला. खोलीत काही ऐकू येईना. तळव्याखालची बरगडीही थांबली होती.

हंसाबाई डोळे मिटून वाट बघत राहिल्या. आणि मग त्यांनी काही न करता, हाताखालची बरगडी आपली आपण हलली.

“आहे,” त्या हळूच म्हणाल्या, आतल्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशा.