विमानाचा नंबर

मुलाच्या जुन्या फ्लाइट सिम्युलेटर गेममधल्या विमानावर खाडिलकरांना नवा नंबर टाकायचा होता. फाइल उघडत होती, सेव्ह मात्र होत नव्हती. पडद्यावर एकच उत्तर: ‘परवानगी नाही.’

लेकीने तपासलं. “बाबा, फाइल मंदारच्या नावावर आहे. हे बटण दाबा, तुमच्या नावावर होईल.”

त्यांनी बटण दाबलं नाही. ‘पायलट व्हायचं नाही,’ असं त्यांनी बजावल्यावर मंदार घर सोडून गेला आणि पायलट झाला. त्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी फोन लावला.

“मंदार, तुझ्या कॉम्प्युटरमधल्या विमानाचा नंबर बदलू का?”

“कुठला टाकताय?”

त्यांनी सांगितला. कालच मंदारने त्या नंबरचं खरं विमान दिल्लीला नेलं होतं.

“तुम्ही उडवता, बाबा?”

“उडवतो. उतरवता येत नाही.”

“रविवारी येतो. तोवर हवेतच ठेवा.”