प्रांजलच्या शर्यतीचा फोटो

पहिली शिफ्ट संपवून ज्योतीराम चाकणहून तडक लेकीच्या शाळेच्या मैदानावर पोचला. धावण्याच्या शर्यतीचा फोटो काढायचं त्याने प्रांजलला कबूल केलं होतं. घाईने मोबाइल काढला. कंपनीत कुणी फोटो काढू नये म्हणून गेटवर मोबाइलच्या पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांना लावलेली स्टिकरं तशीच होती. नखाने खरवडली, तर कागद निघाला आणि डिंक राहिला. पडद्यावर नुसतं धुकं. तेवढ्यात शिट्टी वाजली. मोबाइल खिशात कोंबून तो डोळे फाडून बघत राहिला.

घरी निघताना गाडीवर मागे बसलेल्या प्रांजलने विचारलंच, "पप्पा, फोटो?"

"नाही गं निघाला," तो ओशाळून म्हणाला. "पण तिसरी आलीस की! वळणावर रिबन सुटली, ती दातांत धरून पळालीस. आणि मी दिसलो तशी हसलीस, तिथंच दुसरा नंबर घालवलास, येडे!"

प्रांजल खुदकन हसली. "आमच्या वर्गातल्या ऋचाच्या पप्पांनी अख्खी शर्यत रेकॉर्ड केलीय. तिनं विचारलं, 'मी कितवी आले?' तर म्हणाले, 'थांब, व्हिडिओ बघून सांगतो.'"