महिन्याचा मानकरी

शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीत सध्याच्या शेरीफसाहेबांविरुद्ध हॅडली उभा राहिला. लोरेनच्या नवऱ्याने घरासमोर हॅडलीच्या प्रचाराची एक पाटी काय रोवली, तिच्याच पोलीस खात्यातल्या ट्रॅव्हिसने लगेच साहेबांचे कान भरले. दुसऱ्याच दिवशी लोरेनची गस्तीची गाडी गेली आणि खात्याचं मासिक वार्तापत्र काढायचं काम तिच्या गळ्यात पडलं. आता या महिन्याचा मानकरी म्हणून साहेबांनी निवडला तोही ट्रॅव्हिसच, आणि त्याचा फोटो काढायला त्याच्या दारात उभी लोरेन!

"पहिल्या पानावर छाप हं," उघड्या गॅरेजसमोर छाती फुगवत तो म्हणाला. "आणि मागे माझी नवी बोट दिसली पाहिजे. तुला काय, आता हेच तर काम आहे!"

लोरेनने दातओठ खात कॅमेरा डोळ्याला लावला. बोटीच्या पलीकडे, भिंतीला टेकून, हॅडलीच्या पाट्यांची थप्पी उभी होती. वारा फिरलाच तर रोवायला तयार.

कॅमेऱ्यामागून ती पहिल्यांदाच गोड बोलली.



"ट्रॅव्हिस, जरा डावीकडे सरक ना. मागचं सगळं नीट येऊ दे."