मधलीही बाटली

मामा स्वयंपाकघरात छत्री उघडून बसले होते. मागच्या वेळी मी घरी केलेल्या बिअरची एक बाटली छतापर्यंत उडाली होती, तर दुसरीला फेसच नव्हता.

“तुझ्या ताईच्या हळदीला हीच ठेवायची की दुकानातून आणू?”

“तेव्हा फेस यावा म्हणून चमच्याने बाटलीगणिक साखर घातली, ती कमीजास्त झाली. या वेळी वजन करून एकच पाक केला, सगळ्या बिअरमध्ये हलकेच ढवळला, मग बाटल्या भरल्या.”

मी सर्वांत आधी भरलेली बाटली उघडली, मग सर्वांत शेवटची. दोन्ही ग्लासांत दोन बोटं फेस चढला आणि तिथेच थांबला.

मामांनी दोन्ही चाखून छत्री मिटली. “मधलीही उघड. हळदीचा प्रश्न आहे, दोन नमुन्यांवर कसं भागेल?”